सेकंदाला एक हिसका: एका ओ-रिंग चेनचं प्रकरण

तक्रार अशी होती. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी २० किलोमीटरच्या आसपास, थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवला की मोटरसायकल हिसके देते. हिसका नियमित येतो, साधारण सेकंदाला एक. वेग वाढला की हिसके जवळजवळ येतात आणि चाळिशीच्या पुढे नुसती घरघर उरते. चेन दर ४०० किलोमीटरला ओढावी, म्हणजे ताणून घट्ट करावी, लागते, तरी आठवड्याभरात आवाज परत येतो. तेल वेळच्या वेळी घातलं जातं. शिवाय गाडी जिथे उभी राहते तिथे डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरखाली, तेलाचा डाग पडतो. तो चेनच्या तेलाचाच असणार असं धरून सोडून दिलेला.

गाडी एक सिलिंडरची. ५२० मापाची ओ-रिंग (कड्यांत ग्रीस कोंडून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची) चेन, ११२ कड्या, पुढे १५ दातांचं स्प्रॉकेट, मागे ४५ दातांचं. चेन १४,००० किलोमीटर चाललेली. मेन स्टँड नाही, फक्त साइड स्टँड. मॅन्युअलप्रमाणे चेनची ढिलाई (खालची चेन मध्यावर वर-खाली जेवढी हलते ते अंतर) साइड स्टँडवर ३० ते ४० मिमी हवी. या तक्रारीच्या गाड्या वर्कशॉपमध्ये सारख्या येतात. इथले आकडे तशा एका प्रातिनिधिक गाडीचे धरले आहेत.

गाडीची निगा राखली जात नव्हती असं कुणी म्हणणार नाही. उलट निगा भरपूर होती. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

हिसका मोजला की अर्धं निदान होतं

पाना हातात घेण्याआधी थोडं गणित करावं. मागच्या स्प्रॉकेटला ४५ दात आणि चेनला ११२ कड्या, म्हणजे चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला मागचं चाक ११२ भागिले ४५, जवळजवळ अडीच वेळा फिरतं. या चाकाचा घेर १.९३ मीटर, म्हणजे चेनचा एक फेरा ४.८ मीटरला. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. तेव्हा चेनमध्ये एकच खराब जागा असेल तर हिसका सेकंदाला एक किंवा किंचित जास्त येणार. मागचं स्प्रॉकेट, हब (चाकाचा मधला भाग) किंवा चाक वाकडं असतं तर हिसका चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन वेळा आला असता. तक्रारीतच उत्तर होतं: दोष चेनमध्ये आहे, आणि तो चेनच्या एका भागात आहे.

पडताळा सोपा आहे. मागचं चाक पॅडक स्टँडवर (चाक अधांतरी धरणाऱ्या सुट्या स्टँडवर) उचलायचं, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. एका कडीवर आणि स्प्रॉकेटच्या एका दातावर खडूची खूण करायची. चाक हाताने सावकाश फिरवत, घट्ट जागा आली की कोणती खूण कुठे आहे ते पाहायचं. या गाडीत घट्टपणा प्रत्येक वेळी कडीवरच्या खुणेबरोबर आला, दातावरच्या खुणेबरोबर एकदाही नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चेन तपासताना, पुसताना किंवा तेल घालताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. फडकं चेनमध्ये अडकलं की बोट स्प्रॉकेटवर जातं आणि तुटतं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हातानेच, तेही उलटं फिरवावं. उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर येते, त्यामुळे तिथे धरलेलं फडकं आत ओढलं जात नाही.

माप बरोबर, जागा चुकीची

गाडी आली तशी, ॲडजस्टरला (मागच्या चाकाचा आस, म्हणजे ॲक्सल, सरकवून चेन ओढणाऱ्या बोल्टला) हात न लावता, ढिलाई मोजली. एकदाच नाही: चाक पाव-पाव फेरा पुढे सरकवत दहा जागी, खालच्या चेनच्या बरोबर मध्यावर, चेन वर-खाली ढकलून. सर्वांत सैल जागी ३४ मिमी, सर्वांत घट्ट जागी ६ मिमी. फरक २८ मिमी. नव्या चेनमध्ये हा फरक दोन-चार मिमीचा असतो. १० मिमीच्या वर गेला की चेन बदलायचा विचार सुरू करावा.

३४ मिमी हे माप मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. म्हणजे चेन दरवेळी पुस्तकाप्रमाणेच ओढली जात होती, पण चाक थांबलं तिथे मोजून, आणि हाताला सैल लागणारी जागाच नेहमी 'चेन सैल झाली' म्हणून नजरेत भरत होती. ती जागा ३४ वर आणली की चेनचा दुसरा भाग ६ वर जाणार हे ओघानेच आलं.

६ मिमीने काय बिघडतं? मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) त्याच्या पिव्हटभोवती, म्हणजे सांध्याभोवती, वर-खाली होतो, आणि पुढचं स्प्रॉकेट त्या पिव्हटच्या थोडं पुढे असतं. त्यामुळे पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर कायम सारखं राहत नाही. स्प्रॉकेट, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होतं. स्टँडवर उभ्या गाडीत ॲक्सल या रेषेच्या खाली असतो. माणूस बसला, खड्ड्यात सस्पेन्शन दबलं, की तो रेषेकडे सरकतो आणि चेन ताणली जाते. स्टँडवरची ३० ते ४० मिमीची ढिलाई यासाठीच राखलेली असते. या गाडीवर दोन माणसं बसवून, घट्ट जागा खालच्या बाजूला आणून पाहिलं, तर चेन तारेसारखी ताठ होती. बोटाने दाबून हलेना. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्यावर) आणि त्याच्या बेअरिंगवर. कव्हरखालचा डाग इथूनच सुरू होतो.

ढिलाई नेहमी सर्वांत घट्ट जागी मोजायची. आणि मॅन्युअल साइड स्टँड म्हणत असेल तर साइड स्टँडवर, मेन स्टँड म्हणत असेल तर मेन स्टँडवर, माणूस बसवून म्हणत असेल तर बसवून. एका स्थितीचा आकडा दुसऱ्या स्थितीत चालत नाही.

घट्ट जागा म्हणजे आखडलेली जागा नव्हे

चेन जिथे घट्ट लागते तिथे ती आखडली असेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात चेन कधी आखूड होत नाही, झिजून लांबच होते. पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यात झीज झाली की प्रत्येक कडीचं अंतर किंचित वाढतं. हा वाढलेला भाग दोन स्प्रॉकेटच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात असतो तेव्हा वाढ ढिलाई म्हणून दिसते. तोच भाग मागच्या स्प्रॉकेटवर गुंडाळला गेला की ४५ पैकी साधारण निम्म्या दातांवर तितक्याच कड्या बसतात, वाढलेली लांबी दातांवरच खपते आणि मोकळ्या पट्ट्यात चांगल्या कड्या उरतात. त्या क्षणी चेन घट्ट लागते. म्हणजे घट्टपणा हाताला लागतो खालच्या पट्ट्यात, आणि खराब कड्या त्या वेळी बसलेल्या असतात मागच्या स्प्रॉकेटवर. तपासणी करणाऱ्याने इथे चुकीच्या कड्या पुसत बसू नये.

लांबीतला फरक डोळ्याला कळत नाही, कारण तो लहान असतो. या चेनचा एकेक मोकळा पट्टा सुमारे ४१ कड्यांचा, म्हणजे ६५० मिमीचा. त्या लांबीत २ मिमी वाढ झाली तरी मध्यावरच्या ढिलाईत १० मिमीहून जास्त फरक दिसतो.

म्हणून कड्या मोजल्या. ५२० चेनचं एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १५.८७५ मिमी. चेन ताणून धरून २१ पिना मोजायच्या, पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे २० कड्या. नव्या चेनमध्ये ते ३१७.५ मिमी भरतं. (२० पिना मोजल्या तर माप दीड सेंटिमीटरने कमी येतं आणि चेन नवीकोरी वाटते, ही चूक फार होते.) चार जागी मापं आली ती ३१८.६, ३१९.०, ३२१.८ आणि ३२४.१ मिमी. पहिल्या दोन जागी वाढ अर्ध्या टक्क्याच्या आत, तिसऱ्या जागी १.४ टक्का, चौथ्या जागी २ टक्क्यांच्या वर. बऱ्याच मॅन्युअलमध्ये या मापाच्या चेनला ३१९ ते ३२३ मिमीच्या दरम्यान कुठेतरी बदलण्याची हद्द दिलेली असते. एकाच चेनचा अर्धा भाग जवळजवळ नवा, आणि एक भाग हद्दीच्या पार.

सरासरीने ही चेन खपून गेली असती. एकाच जागी मोजणाऱ्याला ३१८.६ मिळाले असते आणि त्याने चेन ठीक आहे म्हणून सांगितलं असतं. मोजायचं ते तीन-चार जागी, आणि सर्वांत मोठं माप धरायचं.

कडी जवळून

चौथ्या भागातल्या सात कड्या अडकलेल्या होत्या. मागच्या स्प्रॉकेटवरून सुटल्यावर सरळ होण्याऐवजी त्या कोपरात वाकल्यासारख्या तशाच राहत होत्या. बोटाने दाबल्यावर करकर करत सरळ व्हायच्या. आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या फटीत भिंगातून पाहिलं तर चार ठिकाणी ओ-रिंग नव्हतीच, दोन ठिकाणी तिचा तुटका तुकडा बाहेर लोंबत होता. त्या फटींतून विटकरी रंगाची बारीक पूड येत होती. चांगल्या कडीजवळ असते ती मळी काळी आणि चिकट असते. कोरडी, तांबूस पूड म्हणजे आतल्या पिनवर गंज धरलाय आणि तो दळला जातोय.

ओ-रिंग चेनमध्ये वंगण दोन ठिकाणी असतं. पिन आणि बुश यांच्यातलं ग्रीस कारखान्यात भरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या ओ-रिंग ते आत कोंडून ठेवतात. चेनचं आयुष्य या ग्रीसवर आहे. बाहेरून आपण घालतो त्या तेलाची कामं वेगळी: रोलर (बुशभोवती फिरणारी बाहेरची नळी) आणि दात यांच्यात पातळ थर ठेवणं, ओ-रिंग ओली आणि मऊ ठेवणं, प्लेटांना गंजापासून वाचवणं. बाहेरचं तेल ओ-रिंग ओलांडून आत जात नाही, आणि ओ-रिंग गेल्यावर आत शिरलंच तरी ते ग्रीसची जागा भरून काढत नाही. तेलात भिजवून आणि हलवून अडकलेली कडी मोकळी होते. चार-पाच दिवसांत ती पुन्हा अडकते. या गाडीत हे दोनदा करून झालेलं होतं.

ओ-रिंग गेल्या कशाने? कारणं तीन, आणि तिन्ही 'निगा' या नावाखाली झालेली.

दर ५०० किलोमीटरला चेन पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने घासली जात होती. पेट्रोलने ओ-रिंगचं रबर आधी फुगतं, मग कोरडं पडून कडक होतं, आणि तारेची टोकं त्याच्या कडेला चिरा पाडतात. त्यात धुलाई प्रेशरच्या पाण्याने. नोझल चेनला चिकटवून मारलेला फवारा चिरलेल्या ओ-रिंगखालून पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो. तिसरं म्हणजे तेल. वापरून काढलेलं इंजिन ऑइल घातलं जात होतं. त्यात धातूचे बारीक कण, काजळी आणि आम्ल असतं. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढलं तेव्हा आत बोटभर जाडीची काळी पेस्ट निघाली. ती बोटांत चोळली तर रेती लागते. व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसलीच ही पेस्ट, फक्त ती इथे शाफ्टच्या सीलशेजारी (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याशेजारी) साठलेली.

एवढ्याने सगळी चेन सारखी खराब व्हायला हवी होती. एकच भाग का झाला याचं उत्तर साइड स्टँडमध्ये आहे. गाडी उभी करून दिसणाऱ्या खालच्या पट्ट्याला तेल घालायचं, गाडी एक पाऊल पुढे ढकलायची, पुन्हा घालायचं, झालं. चेनचा फेरा ४.८ मीटरचा आहे. एका पावलात तो पुरा होत नाही. त्यामुळे दरवेळी चेनचा काही भाग कोरडाच राहिला, आणि धुतल्यावर पाणी पहिल्यांदा आत गेलं ते अशाच एका भागात. एकदा दोन-चार पिना गंजल्या की तो भाग स्वतःहून वेगाने लांबत जातो.

बाकीच्या नोंदी

मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले होते. स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढली तर अर्ध्याहून जास्त दात उघडा पडत होता. हबमधले कपलिंग रबर (स्प्रॉकेट आणि चाक यांच्यातले झटके पचवणारे रबर) दबलेले; चाक घट्ट धरून स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलत होतं. स्विंगआर्मवरच्या, ॲक्सल सरळ बसवायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या दिसत होत्या, पण पिव्हट बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजलं तर दोन बाजूंत ३ मिमीचा फरक निघाला. त्याचा पुरावा चेनच्या आतल्या प्लेटवर होता: एकाच बाजूची प्लेट घासून चकाकत होती. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नये, टेपवर विसंबावं.

डागाचा शोध वेगळा घेतला. कव्हरमागची जागा रॉकेलने स्वच्छ करून, पुसून, इंजिन दहा मिनिटं न्यूट्रलला चालवलं. शाफ्टच्या कडेने पातळ, स्वच्छ तेलाची रेघ उतरली. हे इंजिनातलं तेल, सील गेलेलं. शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला. हाताला ढिलेपणा लागला नाही, म्हणून बेअरिंग राहू दिलं.

काय केलं

काही जण सुचवतात की एक कडी काढून चेन आखूड करावी. ते करायचं नाही. कडी काढल्याने उरलेल्या कड्यांचं वाढलेलं अंतर कमी होत नाही, चेन दातांवर चढून सुटू शकते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. नुसती नवी चेन जुन्या आकडेदार स्प्रॉकेटवर घालणंही तोट्याचं. नवी चेन काही हजार किलोमीटरमध्ये त्या दातांसारखी होते. दोन्ही स्प्रॉकेट, चेन, कपलिंग रबर आणि शाफ्टचं सील असा पूर्ण बदल केला.

कामाचा क्रम महत्त्वाचा. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन गाडीवर असतानाच सैल करायचा, गिअर टाकून आणि मागचा ब्रेक दाबून. चेन आधी काढली तर स्प्रॉकेट धरायला काहीच उरत नाही. जुन्या चेनची पिन ग्राइंडरने सपाट करून मगच चेन तोडायच्या टूलने ढकलायची. तशीच ढकलली तर टूलची सुई मोडते. नवं सील बसवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातेरी खाचांवर) चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर धारदार कडा सीलची आतली ओठाची कडा कापतात. या इंजिनात सील बाहेरून निघतं. काही इंजिनांत ते आतून अडवलेलं असतं आणि केस उघडावी लागते, ते आधी पाहून घ्यावं.

नव्या चेनची जोडकडी रिव्हेटची. तिच्याबरोबर चार ओ-रिंग आणि ग्रीसची पुडी येते: दोन ओ-रिंग आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या प्लेटखाली, आणि पिनांना ग्रीस भरपूर. बाहेरची प्लेट दाबताना व्हर्निअरने शेजारच्या कडीची रुंदी घेऊन तेवढीच दाबायची. जास्त दाबली की ओ-रिंग चिरडते आणि नव्या चेनमध्ये पहिल्याच दिवशी अडकलेली कडी तयार होते. क्लिपची जोडकडी असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला.

मग ॲडजस्टर. दोन्ही बाजूंना पिव्हट ते ॲक्सल अंतर सारखं केलं. ॲडजस्टरचा बोल्ट ८ मिमीचा, आटा १.२५, एका पूर्ण फेऱ्याला ॲक्सल १.२५ मिमी सरकतो, त्यामुळे एका वेळी पाव फेराच, दोन्हीकडे मोजून. घट्ट जागा शोधून तिथे ३२ मिमी ठेवले. ॲक्सलचा नट आवळताना ॲक्सल मागे सरकून माप बिघडतं. ते टाळायला खालच्या बाजूने चेन आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यात गुंडाळलेलं फडकं धरून चाक थोडं पुढे फिरवायचं, बोटं काढून घ्यायची. चेन ताठ होऊन ॲक्सल ॲडजस्टरला टेकतो. त्या स्थितीत नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळायचा, फडकं काढायचं आणि ढिलाई पुन्हा मोजायची.

साइड स्टँडवर पूर्ण चेनला तेल

गाडी आता ज्या पद्धतीने सांभाळायची ठरली ती अशी. सफाई रॉकेल आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने, लगेच कोरड्या फडक्याने पुसून. प्रेशरचं पाणी चेनपासून दूर. तेल एसएई ९० गिअर ऑइल, किंवा डब्यावर ओ-रिंगला चालणारा असं लिहिलेला चेन स्प्रे. दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात चालवल्यावर किंवा गाडी धुतल्यावर किलोमीटर न पाहता.

तेल गाडी चालवून आल्यावर घालायचं, चेन कोमट असताना. ते पटकन पसरतं. खालच्या पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे स्प्रॉकेटकडच्या बाजूने, प्रत्येक रोलरच्या दोन्ही कडांना प्लेटच्या फटीत एकेक थेंब. चेन फिरायला लागली की ते आपोआप बाहेरच्या दिशेला पसरतं. ११२ कड्यांना दोन थेंब म्हणजे २२४ थेंब, साधारण ११ मिली. एवढं तेल सिरिंजमध्ये भरून घेतलं की किती घातलं याचा अंदाज राहतो. टायरवर आणि ब्रेक डिस्कवर थेंब जाऊ नये म्हणून मागे पुठ्ठा धरायचा. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरची चेन पुसून घ्यायची. बाहेर राहिलेलं जास्तीचं तेल उडतं आणि धूळ गोळा करतं.

मेन स्टँड नसेल तर एका कडीला खडूची खूण करून खालचा दिसणारा पट्टा पूर्ण करायचा, गाडी १.६ मीटर पुढे न्यायची, दुसरा पट्टा, पुन्हा १.६ मीटर, तिसरा, आणि शेवटी आणखी १.६ मीटर. तीन टप्प्यांत ४.८ मीटर होतात आणि खुणेची कडी परत खाली येते. ती आली नाही तर काहीतरी सुटलंय. या गाडीच्या पार्किंगमध्ये जमिनीवर या अंतरावर तीन रेघा रंगवून ठेवल्या.

नंतरची मापं

बसवल्यावर सर्वांत घट्ट ३२, सर्वांत सैल ३५. ५०० किलोमीटरला ३६ आणि ३९. नवी चेन सुरुवातीला बसते तेवढी वाढ, म्हणून पुन्हा ३२ वर आणली. १,००० किलोमीटरला ३३ आणि ३६, ॲडजस्टरला हात लावला नाही. ताशी २० ला हिसका नाही. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवला होता, तो सकाळी कोरडा निघाला.